अकराव्या मिनिटाचा आवाज

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आले. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाचे गेलेले आजोबा पाणी मागतात... सकाळच्या चहाबरोबर वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी मिळून हसायचं. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. हडपसरच्या एका कंपनीत टेस्टिंगमध्ये तीस वर्षं काढली. कोणी म्हणालं की आमच्या घरात आवाज येतात, तर माझं उत्तर ठरलेलं — आधी अर्थिंग तपासून घ्या. बहुतेक भुतं अर्थिंग नीट केलं की जातात.

तर आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, तुमच्या जागी मीही हसलेच असते.

स्थळ — बिबवेवाडीतला आमचा फ्लॅट, तिसरा मजला, बाहेरची खोली. वेळ — रविवार सकाळ, सव्वादहाच्या आसपास. लख्ख ऊन, खाली भंगारवाला ओरडत होता, नवरा स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. भुताखेतांच्या गोष्टीला लागते तसली काही तयारी नव्हती. बाहेरच्या खोलीत मी आणि माझा काका, दोघंच.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वय चौऱ्याऐंशी, कान अजून शाबूत, जीभ त्याहून शाबूत. आयुष्यभर कॉलेजात जर्मन शिकवलं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी जमवल्या. टिळक रोडच्या मागे एका बिल्डिंगीत त्याच्या दोन खोल्या होत्या. दर रविवारी सकाळी दहाला तिथे रेकॉर्ड लागायची आणि पाच-सहा माणसं ऐकायला यायची. खोलीच्या दारावर काकाने स्वतःच्या अक्षरात पाटी लावलेली — ‘रेकॉर्ड चालू असताना बोलू नये. बोलावेसे वाटल्यास आपापल्या घरी जाऊन बोलावे.’ आणि पाटी न वाचता कोणी बोललंच, तर हा डोळे न उघडता खेकसायचा, “बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही.” कोणावर खेकसतोय हे तो बघतही नसे. एकदा कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना बोलला होता, आणि नंतर आम्ही सांगितलं तर म्हणाला, “मी? कधी?”

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या रविवारच्या मंडळींत एक रशीदकाका. भवानी पेठेत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, वडिलांच्या वेळेपासूनचं. जर्मन रेडिओंचे कागद वाचता यावेत म्हणून ते काकाच्या संध्याकाळच्या वर्गात बसले, आणि भाषेसोबत संगीतही लागलं. काकाचा ॲम्प्लिफायर त्यांनीच बांधून दिलेला. काकाला ते ‘सर’ म्हणायचे, आणि काकाचं पान त्यांच्यावाचून हलत नसे. मी लहान असताना सुट्टीत पुण्याला आले की रशीदकाका मला सोल्डरिंगचा वास घ्यायला दुकानात नेत. मी इंजिनियर झाले ती त्या वासामुळे, असं मला खरंच वाटतं.

मग आणीबाणी आली. काका चोरून पत्रकं छापायचा, वाटायचा. पकडायला येणार कळल्यावर घर सोडून गेला, आज या मित्राकडे तर उद्या त्या. घरी काकू एकटी. रविवारची मंडळी पांगली. फक्त रशीदकाका दर रविवारी ठरल्या वेळी यायचे आणि एखादी रेकॉर्ड लावून बसायचे, म्हणजे शेजाऱ्यांना घरात काही वेगळं घडतंय असं वाटू नये.

त्याच दिवसांत काकाने फार आधी सांगून ठेवलेली एक रेकॉर्ड एका ओळखीच्या माणसाबरोबर जर्मनीहून आली. विसाव्या शतकातला जर्मन ऑपेरा. नाव मी मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळे ती रेकॉर्ड शोधत बसतील आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. तो लिहिला त्यांच्याकडे हुकूमशाही ऐन भरात असताना. लिहिणाऱ्याने ती राजवट संपेपर्यंत तो पेटीत दडवून ठेवला. जुलमी सत्तेसमोर एक साधा, अडाणी माणूस उभा राहतो, अशी कथा. काकाला निरोप पोचला. आणि हा शहाणा माणूस, मागावर पोलीस असताना, ती रेकॉर्ड ऐकायला स्वतःच्या घरी आला.

रविवार, सकाळचे दहा. काकू मंडईत गेलेली. घरात काका आणि रशीदकाका. पहिली बाजू झाली. दुसरी बाजू अर्धी झाली असताना पोलीस आले आणि काकाला घेऊन गेले.

काकाच्या आठवणीत ते असं होतं — तो आतल्या खोलीत डोळे मिटून ऐकत बसलेला, रशीद मध्येच उठून बाहेर गेला, जो कधीही बाजू संपायच्या आत उठत नसे. दाराशी कुजबुज झाली. आणि कुजबुजीनंतर पोलीस आत. रशीदकाकांना दुपारपर्यंत चौकीत बसवून सोडून दिलं. काका आत राहिला एकोणीस महिने.

त्या एकोणीस महिन्यांत काकूला कावीळ झाली आणि ती गेली. काकाला काही तासांसाठी आणलं होतं, दोन पोलिसांमध्ये उभा राहून त्याने तिला अग्नी दिला. मुलंबाळं नव्हतीच.

सुटून आल्यावर काकाने रशीदकाकांना एकच प्रश्न विचारला म्हणे — “तू दारात त्यांच्याशी काय बोललास?” रशीदकाका गप्प राहिले. काका म्हणाला, “मग पुन्हा या घरात येऊ नकोस.” ते आले नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षं.

आमच्याकडच्या काहींनी नको ते शहाणपणही पाजळलं, ‘त्या लोकांवर विश्वास टाकलास’ वगैरे. काकाने त्यांनाही घराबाहेर काढलं. त्याचं म्हणणं, दगा रशीदने दिला, त्याच्या जातभाईंनी नाही. एवढा न्याय त्याच्याकडे होता. पण माफी नव्हती.

आणि मी? कॉलेजात असताना एकदा भवानी पेठेतून जात होते. दुकानातून रशीदकाकांनी हात केला. मी मान फिरवली आणि सायकल जोरात मारली. माझ्या लग्नाचं आमंत्रणही त्यांना नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

तर आता मूळ रविवारावर येते. त्याच्या आदल्या आठवड्यात मला एक फोन आला. “ताई, मी शबाना. रशीद मेकॅनिकची सून. हडपसरहून बोलतेय.” रशीदकाकांच्या किडन्या थकल्या होत्या, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. शबाना म्हणाली, “अब्बा दुसरं काही मागत नाहीत. तुमच्या काकांकडे एक रेकॉर्ड आहे म्हणतात. तिची दुसरी बाजू अर्धी राहिली, ती एकदा ऐकायची आहे. आणि सर स्वतः आले तर... पण ते येणार नाहीत, हेही अब्बाच म्हणतात.”

मी काकाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मरणाऱ्याला नाही म्हणत नाही. रेकॉर्ड ऐकव त्याला. मी येणार नाही.”

“काका, ते जातील रे. मग काय करशील?”

“अठ्ठेचाळीस वर्षं काय केलं, तेच.”

रिटायर झाल्यापासून लोकांच्या जुन्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा उद्योग मी करते. म्हटलं, ही पण उतरवून पेन ड्राइव्हवर नेऊन देऊ. काका रेकॉर्ड माझ्या एकटीच्या हातात द्यायला तयार नाही, म्हणून रविवारी सकाळी रिक्षा करून स्वतः घेऊन आला. गोदरेजच्या कपाटातून पंच्याहत्तर सालानंतर ती पहिल्यांदाच बाहेर निघाली होती. मी पुसली, सुईचं वजन तपासलं. पहिली बाजू उतरवली, सगळं ठीक. मग दुसरी लावली. माझीही पद्धत काकाचीच — बाजू लागली की संपेपर्यंत हलायचं नाही. तो खुर्चीत डोळे मिटून, मी लॅपटॉपसमोर. स्क्रीनवर आवाजाच्या हिरव्या पट्ट्या खालीवर होत होत्या.

अकराव्या मिनिटाला संगीत एकदम खाली येतं. नुसती तंतुवाद्यं, तीही अगदी हळू. पट्ट्या तळाला गेल्या.

आणि कडी वाजली.

मला वाटलं आमचंच दार, कुरियर असेल. पण आमच्या दाराला कडी नाही, बेल आहे. पुन्हा वाजली... आणि ती स्पीकरमधून वाजत होती. मग चप्पल घासत गेल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. आणि एक तरुण माणूस, दबक्या आवाजात पण स्वच्छ मराठीत बोलला —

“नाही साहेब. सर इथे नाहीत, महिने झाले. मी दुरुस्तीवाला. मशीन वाजवून बघतोय.”

तो आवाज मी लहानपणी ऐकला होता. हे मी उगीच लिहीत नाही, माऊसवरचा हात मला उचलता येईना. मी पट्ट्यांकडे बघितलं. त्या तळालाच होत्या. स्पीकरमधून माणूस बोलतोय आणि पट्टी हलत नाही, हे शक्य नाही. ज्या वायरीतून आवाज स्पीकरला जातो, तिच्यातूनच तो लॅपटॉपला जातो.

दुसरा एक जाड आवाज म्हणाला, “बाईसाहेब कुठेत?”

“मंडईत गेल्यात.”

“बरं. आले तर चौकीवर कळवायचं.” आणि बूट वळल्याचा आवाज आला. ते निघाले होते.

तेवढ्यात माझ्या शेजारी, माझ्या खोलीत, काका डोळे न उघडता खेकसला —

“रशीद, कोण बोलतंय रे तिकडे? बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना!”

आणि त्याचं वाक्य संपायच्या आत स्पीकरमधून तेच वाक्य आलं. तोच माणूस, तरुण आवाज, तोच हेल, ‘ना’वर तोच जोर. अक्षर इकडचं तिकडे नाही.

मग दोन-तीन सेकंद फक्त व्हायोलिनं. नंतर बूट आत आले, भराभर. खुर्ची पडली. सुई ओढल्याचा कर्कश आवाज आला. माझ्या टर्नटेबलवर सुई जागच्या जागी होती, रेकॉर्ड शांतपणे फिरत होती. लगेच पुढचं संगीत सुरू झालं आणि पट्ट्या उसळून वर गेल्या.

काकाचे डोळे उघडे होते. इतकं घाबरलेलं मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. तुरुंगातून आला तेव्हाही नाही.

नवरा हातात चमचा घेऊन बाहेर आला. “काका दोनदा का ओरडले?” त्याने विचारलं.

काका माझ्याकडे वळून म्हणाला, “ते परत चालले होते. अगं, ते परत चालले होते...” आणि मग, “मी बोललो? त्या दिवशी मी बोललो होतो?”

मी काय सांगणार. आत्ता, या घडीला, माझ्या समोर बोलला होता, आणि तेही त्याच्या लक्षात नव्हतं. नवऱ्याने सांगितलं तेव्हा कळलं त्याला. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसाला त्याने दगाबाज म्हटलं, तो दारात उभा राहून पोलिसांना परत पाठवत होता. आणि ह्याने आतून आवाज दिला होता, का, तर संगीतात व्यत्यय नको.

बाजू संपल्याबरोबर मी ती पुन्हा लावली. अकरावं मिनिट, तंतुवाद्यं, पुढचं संगीत. बस. तिसऱ्यांदा लावली. काही नाही. लॅपटॉपवरची फाइल ऐकली, त्यातही काही नाही. हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकलं — रेकॉर्डची नेहमीची खरखर.

मला माझ्या कामाचं कळतं, म्हणून थोडं सांगते. रेकॉर्ड ही टेप नव्हे. खाचा कारखान्यात पडतात, आणि ही रेकॉर्ड जर्मनीत छापली गेली तेव्हा पुण्यातली ती सकाळ उजाडायचीच होती. त्या घरात टेप करणारं कुठलंही मशीन चालू नव्हतं. माझा ॲम्प्लिफायर जुना आहे, त्यात ब्लूटूथ नाही, रेडिओ नाही. एखादं स्टेशन शिरलं म्हणावं, तर कुठलं स्टेशन हे प्रसारित करेल? अर्थिंगही तपासलं. अर्थिंग उत्तम आहे.

दोघांना एकदम भास झाला म्हणाल. मीही म्हणाले असते. पण पुढचं ऐका.

काका जेवला नाही. “हडपसरला चल,” म्हणाला. दुपारी अडीचला आम्ही रशीदकाकांच्या मुलाच्या घरी पोचलो. शबानाने दार उघडलं आणि काकाला बघून पदर सावरत नुसती बाजूला झाली. रशीदकाका पलंगावर, अगदी मूठभर झालेले. काकाला बघून उठायला गेले.

“पडून राहा,” काका म्हणाला. उभ्यानेच. “त्या दिवशी तू दारात काय बोललास?”

रशीदकाका हसले. “सर, अजून तेच? राहू द्या ना आता.”

“मी सांगतो. सर इथे नाहीत, महिने झाले. मी दुरुस्तीवाला, मशीन वाजवून बघतोय. बाईसाहेब मंडईत गेल्यात.”

रशीदकाकांचं हसू गेलं. ते काकाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. “हे कोणी सांगितलं तुम्हाला? मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, तिलाही माहीत नव्हतं.”

“आणि मग मी ओरडलो.”

रशीदकाकांनी चादर वर ओढून घेतली.

“रशीद. मी ओरडलो ना?”

“हो सर.”

काका खाली बसला. खुर्ची नव्हती तिथे, जमिनीवरच बसला. “मी विचारलं होतं तुला. तेव्हा का नाही सांगितलंस? तोंड शिवलं होतं का तुझं?”

रशीदकाका छताकडे बघत, थांबत थांबत बोलले. “वहिनी गेल्या होत्या. तुम्ही सुटून आलात, घरात कोणी नाही. सर, तुम्हाला तेव्हा रागवायला कोणीतरी हवं होतं. माझ्यावर रागावलात, तर जगलात. खरं कळलं असतं तर स्वतःवर रागावला असतात. मग तुम्ही राहिला नसतात. मी ओळखतो ना तुम्हाला.”

मी खिडकीकडे तोंड करून रडले. काका रडला नाही. त्याने नुसतं रशीदकाकांचं पाऊल हातात धरलं, ते चादरीबाहेर आलेलं होतं तेवढंच.

मग शबानाने मुलाचा स्पीकर आणून दिला आणि मी पेन ड्राइव्ह लावला. दुसरी बाजू, पहिल्यापासून. दोघांनी डोळे मिटले. अकराव्या मिनिटाला संगीत खाली आलं. मी स्पीकरकडे बघत बसले, काही झालं नाही. फक्त काका बोलला. जन्मात पहिल्यांदा, रेकॉर्ड चालू असताना, जाणूनबुजून —

“चुकलो रे मी.”

रशीदकाकांनी डोळे उघडले नाहीत. “सर,” ते म्हणाले, “बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही.”

बाजू संपली तेव्हा ते जागे होते. नंतरचे दोन आठवडे काका रोज हडपसरला जात होता. तिसऱ्या आठवड्यात रशीदकाका गेले.

मला अजून काही कळलेलं नाही. ती रेकॉर्ड मी भिंगाखाली तपासली, अकराव्या मिनिटाच्या खाचा बाकीच्या खाचांसारख्याच आहेत. तो आवाज कुठून आला, त्याच दिवशी का आला, पुन्हा का नाही — तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा, फक्त पिंपळ आणि अमावास्या मध्ये आणू नका.

काका आता दर रविवारी दहाला आमच्याकडे येतो आणि तीच बाजू लावायला सांगतो. स्वतःच्या खोलीच्या दारावरची ती पाटी त्याने काढून टाकली आहे. अकरावं मिनिट आलं, संगीत खाली गेलं, की तो डोळे उघडतो, स्पीकरकडे वाकतो आणि हळूच विचारतो, “रशीद, कोण आहे रे तिकडे?” मग आम्ही दोघं थांबतो. पुढचं संगीत सुरू होतं.